गाडीशिवाय ग्वाल्हेर: किल्ला कुठून चढायचा, टेंपो कुठे बदलायचा?

सहासवारी
आम्ही सहा जण, चौघे शहराच्या लष्कर भागातले, दोघे मुरार भागातले. रविवारी टेंपो, ई-रिक्षा आणि पाय एवढ्यावरच आपलं गाव बघायचं ठरलंय. बेत असा: सकाळी १० ला पश्चिमेच्या उरवाई दरवाजाकडून किल्ल्यावर, मानमंदिर महाल, सास-बहू मंदिरं, तेली मंदिर, मग खाली जयविलास महाल, तानसेनचा मकबरा आणि संध्याकाळी महाराज बाडा चौक. क्रम बरोबर आहे का?

गोपाचल
क्रम उलटा करा. गाड्या वर जातात त्या उरवाईनं, म्हणून सगळ्यांना तोच रस्ता आठवतो. पण पायी जाणाऱ्याचा किल्ला पूर्वेकडून, किला गेटनं सुरू होतो. तिथे गाड्यांना वाट नाही, त्यामुळे चढ निवांत होतो आणि एकापाठोपाठ एक दरवाजे लागत जातात: आलमगिरी, बादल, गणेश, लक्ष्मण, शेवटी हाथी पोल. मानमंदिराची निळ्या फरशांची बाहेरची भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळच्या उन्हात ती खालून चढतानाच दिसते. हंस, हत्ती, केळीची झाडं सगळं ओळखू येतं. दुपारी तीच भिंत सावलीत जाते.

सुरुवात मात्र हजीरा भागातल्या तानसेनच्या मकबऱ्यापासून करा. मुरारच्या दोघांनी गोला का मंदिरहून यावं, लष्करच्यांनी फूलबागेला टेंपो बदलावा. सकाळी ८ पर्यंत तिथे पोचा. शेजारच्या सूफी संत मोहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या बघायला अर्धा तास हवाच. बाहेरून एक चक्कर मारून निघू नका. जाळीतून आत येणारा उजेड आत उभं राहूनच कळतो.

तिथून किला गेट पायी गाठता येतं. गुजरी महालातलं संग्रहालय १० ला उघडतं, सोमवारी बंद असतं. रविवार निवडलात ते बरं केलंत. ग्यारसपूरची शालभंजिका, ती प्रसिद्ध दगडी स्त्रीमूर्ती, तिथेच आहे. ती बघितल्याशिवाय वर जाऊ नका.

मुरारवाली
चढताना गणेश आणि लक्ष्मण दरवाजांच्या मधलं चतुर्भुज मंदिर बहुतेक जण न बघताच पुढे जातात, कारण ते लहान आहे आणि चढावर दम लागलेला असतो. एकाच खडकात कोरलेलं हे मंदिर. आतल्या शिलालेखावर विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६. देवाच्या बागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन आणि रोज ५० माळा, असं दान त्यात नोंदवलंय. २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच गोल आहे. लोक याला जगातलं पहिलं शून्य म्हणतात, ते खरं नाही, कंबोडियातला इ.स. ६८३ चा शिलालेख त्याहून जुना आहे. पण आकडा म्हणून इतकं स्पष्ट वाचता येणारं जुनं शून्य आपल्या चढावर आहे, हे काय थोडं आहे? कुलूप दिसलं तर रखवालदाराला विचारा.

मानमंदिरात खाली दोन मजले आहेत. जिने अरुंद, छत ठेंगणं, अंधार आणि वटवाघळांचा वास. मोबाइलच्या उजेडावर भागत नाही, दोघांत एक तरी बॅटरी ठेवा. गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत, चढावरचे दगड घासून झिजलेत. शेजारचे जहांगीर महाल, शाहजहान महाल, जौहर कुंड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, त्यांचं तिकीट वेगळं.

सहासवारी
जेवण आणि पाणी? आणि मानमंदिराचा ध्वनिप्रकाश कार्यक्रमही बघावा म्हणतोय.

गोपाचल
पाणी किला गेटलाच भरून घ्या. मानमंदिर ते सास-बहू, तिथून तेली मंदिर, हे अंतर उघड्यावरचं आहे, सावली फार थोडी. तेली मंदिराजवळच दाता बंदीछोड गुरुद्वारा आहे. लंगरला बसा, डोकं झाकायला रुमाल सोबत ठेवा. तोवर दुपारचे दोन-अडीच वाजतील.

कार्यक्रम त्याच दिवशी नको. सवारी टेंपो किल्ल्यावर येत नाहीत आणि रात्री पूर्वेचा उतार अंधारात उतरणं धोक्याचं. कार्यक्रम बघायचाच असेल तर वेगळ्या संध्याकाळी, जाण्यायेण्याची रिक्षा आधी ठरवून.

उतरा उरवाईनं. दोन्ही बाजूंच्या कड्यात १५ व्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळातल्या जैन मूर्ती आहेत. सगळ्यात मोठी आदिनाथाची, साधारण ५७ फूट. बाबराच्या हुकमानं तोंडं फोडली गेली, पुढे काहींचे चेहरे चुन्यात पुन्हा घडवले. जवळून बघितलं तर दगड आणि चुना यांतला फरक कळतो. गाडीनं वर जाणाऱ्याला हे नीट दिसत नाही. इथे गाड्या चालू असतात, एका बाजूनं, एकामागोमाग एक चाला.

बाड्यावरचा
जयविलास त्या दिवशी वगळा. फक्त दरबार हॉलची प्रत्येकी ३.५ टनांची दोन झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी बघायची म्हटलं तरी संग्रहालय पूर्ण चालावं लागतं. दोन तास जातात आणि दमलेल्या पायांनी काही बघून होत नाही.

उरवाईखाली कोटेश्वरपाशी ई-रिक्षा धरा. चारच सवाऱ्या बसतात, तुम्ही सहा, म्हणून दोन करा. पाचवा-सहावा दाटून बसला की वळणावर ती कलते. पुढे शिंदे की छावणी, तिथून बाड्याचा टेंपो. बसताना "बाडा जाएगा?" एवढं विचारून घ्या, काही टेंपो अलीकडूनच वळतात. सुटे पैसे प्रत्येकानं आपापले ठेवा.

फूलबागेला राणी लक्ष्मीबाईंची समाधी वाटेत घ्यायची असेल तर छावणीऐवजी तिकडे उतरा, तिथूनही बाड्याला टेंपो मिळतो. बाड्यावर उजेड असताना पोचा: पोस्ट ऑफिस, टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, एकाच चौकाभोवती प्रत्येक इमारतीची घडण निराळी. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी तळ टाकला, त्या छावणीचं हे लष्कर झालं. मागच्या बाजूला गोरखी महालाकडे जाऊन या, तिथे शिंद्यांचं देवघर आहे. मुरारच्या दोघांनी परतीचा टेंपो आठच्या आत धरावा. नंतर सवाऱ्या भरेपर्यंत तो उभा राहतो.