डाळ मिलसाठी सॉफ्टवेअर तयार घ्यावं की बनवून घ्यावं? (उदगीर) मदत हवी आहे

नमस्कार. उदगीरला आमची तुरीची डाळ मिल आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली. त्यांना सगळे अप्पाच म्हणतात. सीझनमध्ये दिवसाला शंभर-सव्वाशे क्विंटल तूर चालते. तीन वर्षांपासून ऑफिस मी बघते. या दिवाळीला आमचे मुनीमकाका काम थांबवणार आहेत, आणि त्यांच्या वहीत जे आहे ते कुठं ठेवायचं हा माझा प्रश्न आहे.

बिलं, खतावणी, जीएसटी रिटर्न हे सगळं टॅलीवर (हिशेबाच्या तयार सॉफ्टवेअरवर) आहे आणि नीट चाललंय. अडचण त्याच्या अलीकडची आहे. काट्यावर गाडी आली की मुनीमकाका पावतीच्या मागं लिहितात: तूर पांढरी की लाल, ओल किती, माती-काडी किती, कडता (ओल-मातीपोटी वजनातून कापायचा भाग) किती धरला, बारदाना कुणाचा, उचल दिलेली आहे का. आमच्याकडं बीडीएन ७११ या वाणाची पांढरी तूर येते, ७१६ ची लाल येते, आणि सीझन संपला की दलालामार्फत बर्मी लेमन (म्यानमारहून येणारी तूर) पण घ्यावी लागते. तिन्हींचा उतारा, म्हणजे क्विंटलमागं पडणारी डाळ, वेगळा पडतो. मग तो माल चाळणीवर जातो, रोलावर घासाई, तेल लावून ढीग, पटांगणात वाळवण, पाणी मारून पुन्हा वाळवण, आणि शेवटी फोड. एका लॉटला चार-पाच दिवस सहज जातात, ढग आले तर आठवडा. बाहेर पडतात फटका (पहिल्या प्रतीची डाळ), दुय्यम डाळ, खंडा (तुटलेली डाळ), चुरी आणि भुसा.

एका वेळी पटांगणात तीन-तीन लॉट वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. कुठला ढीग कुठल्या गाडीचा हे काकांना नुसतं बघून कळतं. मला कळत नाही, आणि त्यांच्यानंतर कुणालाच कळणार नाही.

हे नुसतं वहीचं प्रेम नाही. क्विंटलला बहात्तर किलो डाळ पडली की एकोणसत्तर, यातच आमचं वर्ष असतं. शंभर क्विंटलच्या लॉटमागं तीन क्विंटलचा फरक. शंभर रुपये किलो धरली तरी तीस हजार. कमी उतारा ओलीमुळं आला, रोल झिजल्यामुळं आला की माल देणाऱ्यामुळं, हे लॉटवार माहीत असेल तरच पुढच्या खरेदीत बोलता येतं.

माझ्यासमोर तीन कोटेशन आहेत. पहिलं मिलसाठीचं तयार सॉफ्टवेअर, वर्षाला अठरा हजार. दुसरं, आहे त्याच टॅलीत आमच्यासाठी जादा स्क्रीन बसवून देणं, एकदाच पंचेचाळीस हजार. तिसरं, सगळं नव्यानं बनवून, तीन लाख ऐंशी हजार आणि वर्षाला पंधरा टक्के देखभाल.

मन तिसऱ्याकडं ओढतंय, पण एकदा पोळलोय. २०२१ मध्ये एका ओळखीच्या मुलाकडून बिलिंग बनवून घेतलं होतं. मुलगा हुशार, काम छान केलं. पुढं त्याला हैदराबादला नोकरी लागली. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर पाच टक्के जीएसटी आला. आमची एक आणि पाच किलोची पाकिटं त्यात आली, पन्नास किलोचा कट्टा बाहेर राहिला. म्हणजे एकाच गाडीतल्या काही मालावर कर, काहीवर नाही. हा फरक त्या सॉफ्टवेअरला शिकवायला माणूसच नव्हता. अकरा दिवस आम्ही हातानं बिलं केली. अप्पा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, पण तेव्हापासून 'बनवून घेऊ' म्हटलं की ते उठून काट्याकडं जातात.

तुमच्यापैकी कुणी मिल, जिनिंग, आडत यासाठी असा निर्णय घेतला असेल तर सांगा. नुसती किंमत नको. दोन-तीन वर्षांनी काय झालं ते हवंय.

प्रतिसाद (जालना, बियाण्यांचं गोदाम)

ताई, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे बघा. सरकार जे बदलतं ते तयार सॉफ्टवेअरवर ठेवा. १ ऑगस्ट २०२३ ला ई-इन्व्हॉइस सक्तीची उलाढालीची मर्यादा पाच कोटींवर आली. तयारवाल्यांनी अपडेट दिलं, आम्ही ते टाकलं, विषय संपला. असे बदल येतच राहणार आणि दर वेळी त्यासाठी डेव्हलपरच्या मागं कोण पळणार?

आमच्या धंद्यात पिशवीवर लॉट नंबर कायद्यानंच लागतो, त्यामुळं बॅचवार साठा ठेवायची सवय आहे आणि तयार पॅकेजमध्ये तो व्यवस्थित होतो. पण आमच्याकडं लॉट आला तसाच जातो. तुमच्याकडं एकाचे पाच होतात. टॅलीत मॅन्युफॅक्चरिंग जर्नल असतं, त्यात उपउत्पादनं धरता येतात. ते आधी वापरून बघितलंय का?

धागाकर्ती

बघितलंय, दादा. फोड झाल्यावरची नोंद होते: इतकी तूर आत, इतकी डाळ, इतकी चुरी, इतका भुसा. मधल्या चार दिवसांत लॉट कुठं आहे आणि वाळवणीत वजन किती घटलं हे राहून जातं. जादा टप्पे करून ते बसवता येईल, पण मग हमालांच्या मुकादमाला दर वेळी ऑफिसात येऊन मला सांगावं लागतं, आणि ते होत नाही. दोन महिने करून सोडून दिलं.

प्रतिसाद (नांदेड)

इतका विचार कशाला करायलात? अठरा हजाराचं घ्या आणि कामाची पद्धत त्याप्रमाणं बदला. चालू मिलवाल्यांनी वापरूनच ते बनलेलं असतं. सगळ्यांना आपलीच पद्धत खास वाटते.

धागाकर्ती

बऱ्याच बाबतीत तुमचं खरं आहे. आमच्या पावत्यांचे चार रंग, हमालीचा वेगळा कागद, हे मोडायला मी तयार आहे. पण ओल आणि कडता गाडीवार लिहिणं ही नुसती सवय नाही, त्यावरच शेतकऱ्याचा भाव ठरतो. डेमोमध्ये त्या सॉफ्टवेअरला खरेदीत एकच वजन हवं होतं. भरलेलं वजन आणि कडता जाऊन धरलेलं वजन अशी दोन वजनं ठेवायला जागा नव्हती. शेतकरी हिशेबाची पट्टी घेऊन समोर उभा राहतो तेव्हा दोन्ही दाखवावी लागतात, आणि दाखवलीच पाहिजेत.

प्रतिसाद (लातूर, शेतकरी उत्पादक कंपनी)

एक गोष्ट विचारते. तुमची फर्म भागीदारी आहे की कंपनी? आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, म्हणून सांगते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर असंच वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. आम्ही एकाकडून हिशेबासकट सगळं बनवून घेतलं होतं, त्यात ही सोय नव्हती. ऑडिटरनं ते चालणार नाही म्हणून सांगितलं. आता हिशेब टॅलीत आणि बनवून घेतलेल्यात फक्त सभासदांची खरेदी. उद्या प्रायव्हेट लिमिटेड करायचं मनात असेल तर हिशेब बनवून घेऊच नका.

आणि सरकारची साठा मर्यादा विसरू नका. २ जून २०२३ ला तूर आणि उडदावर लागली तेव्हा मिलला तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यात जास्त असेल तितका साठा होता. सप्टेंबरात तेच एक महिना किंवा १० टक्के झालं. सरकारी पोर्टलवर साठ्याचा आकडा भरायचा होता. पटांगणातली अर्धवट तूर कशी मोजायची यावर आमच्या शेजारच्या मिलमध्ये रोज वाद व्हायचा. तुमच्या लॉटच्या नोंदी असतील तर तो आकडा बसल्या जागी निघेल.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

मी स्वतः सॉफ्टवेअर बनवून देतो, वाळूजच्या छोट्या कारखान्यांसाठी. तरी सांगतो, ताई, तीन लाख ऐंशी हजार आत्ता देऊ नका. तुम्हाला जे हवंय ते मुनीमकाकांच्या डोक्यात आहे आणि ते अजून कागदावर आलेलं नाही. बनवणाऱ्याला तुम्ही पहिल्या बैठकीत जे सांगाल तेच तो बनवेल. पहिल्या सीझनमध्ये दहा गोष्टी नव्या निघतील आणि प्रत्येकीचं वेगळं बिल येईल.

दिवाळीपर्यंत काकांजवळ बसा. एक्सेलची साधी शीट करा: लॉट नंबर, गाड्या, भरलेलं वजन, कडता, ओल, रोलावर गेल्याची तारीख, वाळवून उचलल्याचं वजन, फोड, पाचही माल. ढिगावर खडूनं लॉट नंबर लिहिलेली पाटी उभी करा. पाटी नसेल तर कितीही भारी सॉफ्टवेअर घेतलं तरी ढीग ओळखू येणार नाही. एक सीझन शीट चालली की तीच बनवणाऱ्याच्या हातात द्या. खर्च निम्म्यावर येईल, कारण तेव्हा फक्त लॉटचं काम उरेल. हिशेब टॅलीतच राहू द्या.

बनवून घ्याल तेव्हा करार लेखी करा. पैसे दिले म्हणजे प्रोग्राम आपला झाला असं नसतं. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या प्रोग्रामचा कॉपीराइट लेखी हस्तांतर केल्याशिवाय त्याच्याकडंच राहतो. आणि हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द हवाच. सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) पैशाच्या प्रत्येक हप्त्याबरोबर तुमच्या ताब्यात घ्या, शेवटी मिळेल म्हणून थांबू नका. हैदराबादला गेलेल्या मुलाचा कोड तुमच्याकडं असता तर दुसऱ्या कुणीतरी तो कराचा बदल एक-दोन दिवसांत केला असता.

काट्याच्या इंडिकेटरला (वजन दाखवणाऱ्या डब्याला) मागं आरएस-२३२ पोर्ट, म्हणजे संगणकाला जोडायची जागा, आहे का बघा. असेल तर वजन थेट संगणकात येईल, हातानं लिहायची चूक टळेल. कोटेशनमध्ये ते आहे का विचारा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल इंडिकेटर उघडून बघितला, पोर्ट आहे. तिसऱ्या कोटेशनवाल्यांना तीन गोष्टी विचारल्या: कोड हप्त्यागणिक मिळेल का, सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये बाहेर काढता येतील का, आणि हिशेब वगळून फक्त लॉटचं किती. पहिल्या दोन्हींना हो म्हणाले. तिसऱ्याचं उत्तर अजून यायचंय.

भागीदारीच आहे आमची, पण मुलगा मोठा होतोय, पुढं कंपनी होऊ शकते. त्यामुळं हिशेब बनवून घ्यायचा विषय मी बंद केलाय.

आज मुनीमकाकांबरोबर बसून गेल्या सीझनचे चाळीस लॉट वहीतून शीटवर उतरवायला सुरुवात केली. सहा झाले. सातव्याला अडकलो: दोन गाड्यांचा माल वाळवणीत एकत्र झाला होता आणि काकांनी उतारा अंदाजे वाटून लिहिलाय. असं झालं तर नवा लॉट नंबर द्यायचा की दोन्ही जुने नंबर चालू ठेवायचे? नवा दिला तर माल देणाऱ्याचा उतारा कळत नाही, जुने ठेवले तर आकडे अंदाजाचेच राहतात. जिनिंगमध्ये कापसाचे ढीग असेच एकत्र होत असतील ना? परभणी-बीडकडच्या कुणी हे कसं लिहिता ते सांगितलं तर शीट आत्ताच तशी करून घेते. जानेवारीत नवी तूर आली की बदलायला वेळ मिळणार नाही.