आरसीएसची पडताळणी अडकली असेल तर आधी एक साधा एसएमएस पाठवून बघा

आरसीएस, म्हणजे गूगल मेसेजेसमधले नेटवरून जाणारे चॅटसारखे मेसेज. ते चालू करताना नंबरची पडताळणी अडकली, तर 'कॅरियर सर्व्हिसेस' या गूगलच्या अ‍ॅपचा डेटा पुसून फोन रीस्टार्ट करा, असं सुचवलं जातं. उपाय चांगला आहे, पण आमच्याकडे त्याने काहीच हललं नाही. इथे इंदूरला मावशीच्या फोनवर आरसीएस दोन दिवस 'पडताळणी करत आहे' वरच अडकलं होतं. गूगल मेसेजेस डीफॉल्ट होतं, नेट उत्तम होतं. शेवटी तिला म्हटलं, मला एक साधा एसएमएस कर. तिने 'जेवलास का' लिहून पाठवलं आणि खाली लाल अक्षरांत आलं, संदेश पाठवला गेला नाही. तिथेच सगळा उलगडा झाला! नंबरची पडताळणी करताना फोन आपल्या नकळत स्वतःच एक एसएमएस पाठवतो, आणि मावशीच्या रिचार्जमध्ये एसएमएस नव्हतेच, नुसता डेटा होता. एसएमएसवालं रिचार्ज मारलं, आरसीएस बंद करून पुन्हा चालू केलं, आणि चहा उकळेपर्यंत 'कनेक्ट केलेले' दिसलं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, घरच्या वडीलधाऱ्यांचा फोन रीसेट करण्याआधी एवढं नक्की तपासा. त्यांचे फोटो, जुने निरोप उगाच पणाला लागतात.

आयफोनवर आरसीएस मिळतं का, असं कुणी विचारेल, तर तिथे ते २०२४ च्या आयओएस १८ पासून आलं, पण सिम कंपनीने ते पुरवलं असेल तरच सेटिंगमध्ये तो पर्याय दिसतो. आणि फोन बदलणार असाल तर सिम काढण्याआधी जुन्या फोनवर आरसीएस बंद करा, नाहीतर काही निरोप तिकडेच अडकतात.