फॉर्म बाहेर फेकतोय हो, कोणी जागं आहे का?

बी-३०२ : नमस्कार मंडळी, उशिरा त्रास देतोय. अमेरिकेच्या व्हिसाचा तो डीएस-१६० फॉर्म भरायला बसलोय संध्याकाळी साडेसातपासून, आता पावणेअकरा झाले. चौथ्यांदा बाहेर फेकलं मला. पासपोर्ट आणायला कपाटाकडे गेलो, हिने चहा दिला तो प्यायलो, येऊन बघतो तर पहिलं पान, सगळी पाटी कोरी. लेकीला पाचवा महिना लागलाय, तिच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला जायचंय आम्हा दोघांना. कोणाला अनुभव असेल तर सांगा

ए-१०४ : काका मी जागाच आहे मॅच बघतोय. मधे मधे सेव्ह करताय का?

बी-३०२ : सेव्ह कुठे आहे

ए-१०४ : 😅 काका खाली बघा, मागे आणि पुढेच्या बटणांच्या मधे

सी-६०४ : काका मी गेल्या वर्षी सासूसासऱ्यांचे दोन्ही फॉर्म भरलेत, थांबा नीट सांगते. २० मिनिटं काही हालचाल केली नाही की तो बाहेर काढतो, त्यामुळे प्रत्येक पान झालं की सेव्ह करायचं आणि उठताना तर करायचंच, मग चहा प्या नाहीतर झोपा. पहिल्यांदा उघडलात तेव्हा वर एक नंबर आला असेल बघा, एए शून्य शून्य असा सुरू होणारा, तो कागदावर लिहून ठेवलाय का? तो असेल तर काही गेलेलं नाहीये, जेवढं सेव्ह झालं असेल तिथून पुढे चालू होतं. परत शिरताना तो नंबर, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मसाल आणि सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढं लागतं. सेव्ह केलेलं ३० दिवस राहतं तिथे, त्याहून जास्त रेंगाळणार असाल तर कॉम्प्युटरवर फाईल उतरवून ठेवायची

बी-३०२ : नंबर पेपरच्या कडेला लिहिला होता. पेपर रद्दीत गेला. पण थांबा आहे, पेपर हिने भाजीखाली अंथरलाय. सापडला

बी-३०२ : आता तो आईच्या आईचं नाव विचारतोय. आजीचं नाव सरस्वती. मी इंग्रजीत व्ही लिहिलं होतं की डब्ल्यू ते आठवेना

सी-६०४ : दोन्ही करून बघा. आणि जे चालेल ते त्याच पेपरवर लिहा. तो पेपर आता भाजीखाली नको

सेक्रेटरी : सर्व सभासदांना सूचना. उद्या सकाळी ९ ते १ टाकी साफसफाईसाठी पाणी बंद राहील. तसेच वैयक्तिक विषय कृपया पर्सनलवर घ्यावेत.

डी-७०३ : राहू द्या हो साहेब ग्रुपवरच, आम्हालाही पुढच्या वर्षी भरायचाय, वाचतोय सगळे

ए-२०१ : कशाला डोकं फोडून घेताय काका, स्टेशनजवळ एकजण आहे, तीन हजारात दोघांचे भरून देतो, पासपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप करायचे बस, दुसऱ्या दिवशी फॉर्म तयार. आमच्या ह्यांच्या साडूने केलं

डी-७०३ : वहिनी राग मानू नका पण मी लिहितोच आता. माझे मोठे मेव्हणे, सहा-सात वर्षं झाली, असाच एकाकडे दिला फॉर्म. मुलगा तिकडे नोकरीला. त्या एजंटने कारण लिहिलं पर्यटन, पत्ता टाकला न्यूयॉर्कच्या कुठल्यातरी हॉटेलचा, आणि जवळचे नातेवाईक तिथे आहेत का याला चक्क नाही, कारण म्हणे मुलगा दाखवला की रिजेक्ट होतं. मेव्हण्यांना यातलं काहीच माहीत नाही, त्यांनी फॉर्म वाचलाच नव्हता. बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीपाशी गेले, साहेबाने विचारलं तिकडे कोण आहे तुमचं, आता सरळ माणूस, म्हणाले मुलगा आहे की, सून आहे, नातू झालाय. साहेब स्क्रीनकडे बघतोय, ह्यांच्याकडे बघतोय. झालं. दोन मिनिटांत बाहेर. तेव्हा फी १६० डॉलर होती ती बुडाली, आता तर १७ जून २०२३ पासून १८५ झालीये, आणि ती माणशी, व्हिसा मिळो न मिळो परत नाही. वर पुढच्या वेळी फॉर्ममध्ये याआधी नकार मिळालाय का याला हो लिहावं लागतं ते वेगळंच

डी-७०३ : आणि ते थोडक्यात सुटले असं म्हणायचं. मुद्दाम खोटं लिहिलं असं त्यांनी ठरवलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं

ए-२०१ : बापरे. साडूला विचारते त्याच्या फॉर्मात काय लिहिलंय

सी-६०४ : विचाराच. आणि शेवटच्या पानावर सही करताना विचारतात की हा फॉर्म भरायला कोणी मदत केली का, केली असेल तर त्याचं नाव पत्ता. एजंट लोक तिथे बिनधास्त ‘नाही’ टाकतात, म्हणजे सहीच्या पानावरच पहिलं खोटं, आणि खाली तुमचं नाव. सही म्हणजे पासपोर्ट नंबर टाईप करून बटण दाबायचं असतं, ते बटण ज्याचा फॉर्म त्यानेच दाबायचं. दुसऱ्याने टाईप करून दिलं तर काही बिघडत नाही काका, फक्त लपवायचं नाही. मी सासूबाईंच्या फॉर्ममध्ये माझंच नाव टाकलं होतं

ए-१०४ : काका एक बघा, तुम्ही साईट बरोबरच उघडलीये ना? शेवटी डॉट जीओव्ही आहे का. सर्च केलं की वरती जाहिरातीत सेम टू सेम दिसणाऱ्या साईट येतात, झेंडा गरुड सगळं असतं आणि फॉर्म भरायचेच पैसे मागतात. खरा फॉर्म भरायला एक रुपया लागत नाही, फी भरायची ती नंतर अपॉइंटमेंट घेताना

बी-३०२ : आहे डॉट जीओव्ही. शिरलो आत. व्ही होता. आता नावाचं सांगा. पासपोर्टवर हिच्या नावापुढे माझं नाव आहे, आडनाव खाली वेगळं. तसंच टाकू ना?

सी-६०४ : जसं पासपोर्टवर तसं, एक अक्षर इकडे तिकडे नाही. त्याखाली तुमच्या लिपीत पूर्ण नाव लिहा असा एक रकाना येईल तिथे मराठीत टाईप करता येतं, अख्ख्या फॉर्ममध्ये तेवढीच एक जागा, बाकी सगळं इंग्रजीत

बी-३०२ : मराठीत झोकात आलं. हिला दाखवलं. खूश. पुढे विचारतोय आधी दुसरं कुठलं नाव होतं का. हिचं माहेरचं आडनाव तर वेगळं आहेच पण नावही वेगळं, लग्नात मी तांदळात अंगठीने लिहून बदललं. ते पण सांगायचं? चाळीस वर्षात त्या नावाने हिचा भाऊ सोडून कोणी हाक मारलेली नाही

सी-६०४ : हो सांगायचं काका. हो टाकून माहेरचं पूर्ण नाव लिहा. दाखल्यावर, जुन्या कागदांवर तेच असेल ना त्यांचं

बी-१०१ : काय तो हौशीपणा काका, तांदळात लिहून बदललं आणि आता अमेरिकेला कबुली 😂

बी-३०२ : माझ्या वडिलांची जन्मतारीख विचारतोय. त्यांनाच माहीत नव्हती. मोठ्या पुरानंतरच्या वर्षी एवढंच सांगायचे. शाळेत १ जून लावलेली

डी-७०३ : आमच्याकडे तिघांचा १ जून

बी-३०२ : अहो मी स्वतः मास्तर होतो, निम्म्या वर्गाला मीच लावलाय १ जून. पोराचा बाप म्हणायचा लिहा गुरुजी तुम्हाला बरोबर वाटेल ते. आज अर्धा तालुका ३१ मेला रिटायर होतो ते आमचं पाप

सी-६०४ : 😂 तुमची स्वतःची पासपोर्टवर असेल तीच टाका, खरी कुठली का असेना. वडिलांच्या तारखेशेजारी माहीत नाही अशी चौकट आहे तिथे टिक करा, चालतं. पासपोर्ट बुक नंबर विचारेल तिथे लागू नाही, आपल्या पासपोर्टला तो नसतो, माणसं तिथे फाईल नंबर टाकून बसतात. व्यवसायात तुम्ही रिटायर्ड, काकू होममेकर. आणि लेकीचं नातेवाईकांमध्ये हो, तिचा तिथला स्टेटस काय आहे ते आधी तिला विचारून टाका, अंदाजे नाही. संपर्कात तिचाच पत्ता

बी-३०२ : जायचं कारण काय लिहू? बाळंतपणाला जातोय हे लिहावं की नाही यावर आमच्यात वाद चाललाय. हिची मैत्रीण म्हणाली बाळंतपण अजिबात बोलायचं नाही

डी-७०३ : जे आहे तेच काका. मुलीला भेटायला जातोय, बाळ होणार आहे, अमुक महिन्यात परत येणार. आजीआजोबा बाळंतपणाला जातात यात लपवण्यासारखं काय आहे, ती खिडकीवरची बाई दिवसाला असे किती आजीआजोबा बघत असेल. त्यांना बघायचं असतं की माणूस परत येणार का. घर, पेन्शन, इथे कोण आहे मागे ते विचारतील. मुंबईला मराठीतून बोलता येतं, काकूंना इंग्रजीचं टेन्शन नको. पण काकू जे बोलतील आणि फॉर्मात जे आहे ते एकच पाहिजे. म्हणून म्हणतो काकूंचा फॉर्म काकूंना शेजारी बसवून भरा

बी-३०२ : शेजारीच आहे, सूचना देतेय. आता हे काय, तुम्ही कुठल्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का. गोत्र लिहायचं का इथे?

बी-१०१ : शहाण्णव कुळी टाका काका

ए-१०४ : काका नको नको, तिथे ‘नाही’ टाका 😂

बी-३०२ : सोशल मीडिया विचारतोय ५ वर्षांचा. मी फेसबुकवर आहे, गुड मॉर्निंग टाकतो फक्त. हा ग्रुप सांगायचा का

सी-६०४ : त्या यादीत व्हॉट्सअ‍ॅप नाहीये, ग्रुप सुटला. फेसबुक मात्र टाका, आणि यूट्यूबला काकूंचं रेसिपीचं चॅनेल आहे ना ते काकूंच्या फॉर्ममध्ये. २०१९ पासून विचारतात हे

बी-३०२ : तीन व्हिडिओ आहेत त्यात. एक पुरणपोळीचा. टाकतो

बी-३०२ : दहशतवादी आहात का, हेरगिरी करायला येताय का, पैशाची अफरातफर, नरसंहार. हे काय लावलंय. हो म्हणणारा कोणी भेटत असेल का यांना

डी-७०३ : सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ टाका. पण वाचून टाका, झपाझप करताना चुकून हो दाबलं जातं, आणि याआधी व्हिसा नाकारलाय का वगैरे प्रश्न वेगळ्याच पानावर असतात त्यांनाही सवयीने ‘नाही’ होऊन जातं

बी-३०२ : १ वाजला. झोपतो. सेव्ह केलंय. दोनदा

---

बी-३०२ : सुप्रभात. पाणी गेलं. फोटो चढत नाहीये

सी-६०४ : चौकोनी पाहिजे काका, दोन बाय दोन इंच, मागे पांढरं, ६ महिन्यांच्या आतला, २४० केबीच्या आत. चष्मा काढलाय का? नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही

बी-३०२ : चष्मा आहे. चष्म्याशिवाय मला मी ओळखू येत नाही

ए-१०४ : काका मी येतो अर्ध्या तासात, बाल्कनीच्या भिंतीसमोर काढू मोबाईलवर. काकूंना सांगा तयार राहा

बी-१०१ : पाणी नाहीये, काकू तयार कशा होणार

बी-३०२ : फोटो चढले. माझा सबमिट केला. आता तो म्हणतोय धन्यवाद

सी-६०४ : छान! तिथून लगेच बाहेर पडू नका, त्याच पानावरून कुटुंबातल्या दुसऱ्याचा फॉर्म काढायची सोय आहे, प्रवासाची माहिती, पत्ता तसाच उतरतो काकूंच्या फॉर्मवर. आणि बारकोडवालं कन्फर्मेशनचं पान प्रिंट काढा. सबमिट झाल्यावर आत काही बदलता येत नाही, चूक सापडली तर नवा फॉर्म नवा नंबर. म्हणून अपॉइंटमेंट घेताना शेवटचा जो नंबर असेल तोच टाकायचा, जुना टाकला तर गेटवर गोंधळ. बोटांचे ठसे एक दिवस, मुलाखत दुसऱ्या दिवशी असं असतं, मुंबईत राहायची सोय बघून ठेवा. कॉन्सुलेटमध्ये मोबाईल नेता येत नाही हे काकूंना आत्ताच सांगा, नाहीतर दारात भांडण

बी-३०२ : हिचं कालचं अर्धं भरलेलं होतं ते सोडून नवीन काढलं, पत्ता उतरला पण तांदळातलं नाव परत लिहावं लागलं. दोन्ही झाले एकदाचे. सबमिटचं बटण हिने स्वतः दाबलं, आधी देवापुढे दिवा लावून. लेकीला फोटो पाठवला बारकोडचा. ती म्हणतेय बाबा मला सांगितलं असतं तर मी इथून भरला असता. आता प्रिंटर कोणाकडे आहे? दोन पानं आहेत फक्त

ए-२०१ : माझ्याकडे आहे काका, शाई आहे थोडी. आणि साडूशी बोलले. त्याच्याकडे फॉर्मची कॉपीच नाहीये

डी-७०३ : त्याची मुलाखत कधी आहे?

ए-२०१ : पुढच्या मंगळवारी

सी-६०४ : वहिनी त्याला माझा नंबर द्या. आज. त्या एजंटकडून एए शून्य शून्यवाला नंबर आणि कन्फर्मेशनचं पान आधी मागून घ्यायला सांगा

सेक्रेटरी : टाकी झाली आहे. १२ वाजता पाणी सोडत आहोत, पहिली पाच मिनिटं गढूळ येईल. काका, आमच्या व्याह्यांना कॅनडाचं विचारायचंय, पर्सनलवर फोन करतो.

बी-१०१ : पर्सनलवर कशाला साहेब, ग्रुपवरच घ्या की 😂