शालू की लेहेंगा: मे महिन्याचा विचार आधी करा

ताई, लेक लेहेंग्यावर अडली आहे, सासरचे शालू म्हणतात आणि लग्न मे महिन्यात नागपूरला, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी रंगावरच चर्चा केली. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास. तिथे रंगापेक्षा वजन महत्त्वाचं. जड जरीचा शालू किंवा भरपूर कॅनकॅनचा (घेर फुगवणाऱ्या आतल्या कडक जाळीचा) लेहेंगा, दोन्ही होमाजवळ बसल्यावर जीव काढतात. दुकानात लेकीला नुसती आरशासमोर उभी करू नका, पाटावर मांडी घालून बसवा. दुकानदार हसेल, हसू द्या.

माझं मत विचाराल तर विधींना आपल्या विदर्भाची करवतकाठी साडी घ्या. अंग टसरचं, काठाला करवतीचे दाते, हातमागावरची, आणि जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालेलं आहे. अंगाला हलकी. लेहेंगा मग संध्याकाळच्या रिसेप्शनला, म्हणजे लेकही खूश.

पैठणीच हवी असेल तर पदर उलटून बघा. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर यंत्रावरची समजा. सिल्क मार्कचं लेबल रेशमाची खात्री देतं, जरीची नाही. जरी कुठली आहे ते बिलावर लिहून घ्या.

खरेदीला नागपूरच्या इतवारी-गांधीबाग बाजारात सकाळीच जा, दुपारी त्या गल्ल्यांत डोकं चालत नाही. आणि ब्लाउजचं माप लगेच द्या. लग्नसराईत शिंपी कुणाचा नसतो!