सल्ला हवा: सांगलीच्या कापड व्यापाऱ्याला सव्हाना दाखवावं की चार्ल्स्टन?

माधवी_शार्लट
नमस्कार मंडळी. आईबाबा सांगलीहून आलेत, नोव्हेंबरअखेर परत जाणार. त्याआधी त्यांना दक्षिणेतलं एक जुनं शहर दाखवायचंय. जॉर्जियातलं सव्हाना किंवा साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन. एकच जमेल. आमच्या शार्लटहून चार्ल्स्टन गाडीने सव्वातीन तास, सव्हाना चार.

अटी: दोन रात्री, हॉटेल कर धरून रात्रीला १५० डॉलरच्या आत. आई पूर्ण शाकाहारी. बाबांचा गुडघा दुखतो.

आता मुख्य मुद्दा. बाबांचं सांगलीच्या कापड पेठेत कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक हळूहळू विश्रामबागेकडे वळलं, शेजारची दुकानं बंद पडली, ते त्यांनी गल्ल्यावर बसून पाहिलंय. वाडे, बागा, तोफा यांत त्यांना रस नाही. "बसलेली पेठ परत उभी केलेली असेल तर ती दाखव," म्हणतात. सव्हानाचा ब्रॉटन स्ट्रीट आणि चार्ल्स्टनचा किंग स्ट्रीट, दोन्ही उपनगरातल्या मॉलमुळे ओस पडले होते आणि दोन्ही सावरले, एवढं वाचलंय. बघण्यासारखा कुठला? घोडागाडी आणि भुतांच्या टूर सुचवू नका, प्लीज.

दख्खनी_वाटसरू
चार्ल्स्टन. विचारच करू नका. आणि राहायचं तर चार्ल्स्टन प्लेसमध्ये, थेट किंग स्ट्रीटवर. आम्ही लग्नाच्या वाढदिवसाला राहिलो होतो. लॉबीतलं झुंबर आणि जिना बघूनच आई खूश होतील. आईवडील पुन्हा पुन्हा येत नाहीत, पैशाकडे बघू नका.

नीलपक्षी
सव्हाना! ओगलथॉर्पने १७३३ मध्ये शहर वसवतानाच चौकांची जाळी आखली. २४ चौक होते, त्यातले २२ आजही आहेत. पाच मिनिटं चाललं की चौक, ओकची सावली आणि बाकं. गुडघेदुखीवाल्यांना यापेक्षा सोयीचं शहर अमेरिकेत नाही. माझ्या सासूबाई गुडघा बदलल्यावर तिथे दिवसभर हिंडल्या. शिवाय जुन्या भागात फुकट बस फिरते.

कोकणी_मासा
सव्हानाच. रिव्हर स्ट्रीटवर नदीकाठी बसून कोळंबी खायची, मोठमोठी कंटेनर जहाजं अगदी समोरून जातात. दुसऱ्या दिवशी टायबी बेट. चार्ल्स्टनला जेवणाचे दर ऐकून मी हॉटेलातून उठून आलो होतो.

नीलपक्षी
@कोकणी_मासा, आई शाकाहारी आहेत त्यांच्या. आणि रिव्हर स्ट्रीटला उतरायच्या दगडी पायऱ्या फार उंच, खाली जहाजांच्या भाराच्या दगडांची फरसबंदी. गुडघ्याचं वाटोळं होईल. सिटी हॉलच्या बाजूला लिफ्ट आहे, तिनेच जा.

आटपाट_नगर
चार्ल्स्टनला जाणार असाल तर आधी भरतीचं वेळापत्रक बघा. आमच्या वेळी निरभ्र ऊन होतं, पावसाचा थेंब नाही, आणि रस्त्यावर घोटाभर पाणी. जुन्या खाड्या बुजवून त्यावर शहराचा बराच भाग उभा आहे, मोठी भरती आली की पाणी गटारातून उलटं वर येतं. पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत खाऱ्या पाण्यात चाकं निम्मी बुडाली होती. गाडी भाड्याची, कंपनीने नंतर जे पैसे लावले ते आठवले की अजून संताप होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तर मोठ्या भरतीचाच काळ. म्हाताऱ्या माणसांना घेऊन ही जोखीम घेऊ नका. सव्हाना.

वास्तुवेडा
धाग्याचा प्रश्न बाजाररस्त्याचा आहे, तेव्हा त्याबद्दल लिहितो. शहर नियोजन हे माझं काम आहे.

ब्रॉटन स्ट्रीट समजायचा असेल तर बाबांना आधी एलिस स्क्वेअरला न्या. तिथे सव्हानाची जुनी मंडई होती. १९५४ मध्ये ती पाडून पार्किंगची इमारत बांधली, कारण गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा हवी असा व्यापाऱ्यांचा आग्रह होता. मंडई गेल्याने गाव इतकं हळहळलं की पुढच्याच वर्षी सात बायकांनी मिळून हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन काढलं आणि पाडायला निघालेलं डेव्हनपोर्ट हाउस वाचवलं. पुढे त्यांनी मोडकी घरं विकत घ्यायची आणि "पाडणार नाही, दुरुस्त करीन" अशा अटीवर विकायची, आलेल्या पैशांतून पुढचं घर, असा फिरता निधी चालवला. पार्किंगसाठी पाडलेल्या त्या जागी २०१० मध्ये पुन्हा चौक झाला. गाड्या आता त्याच्या पोटात, तळघरात लागतात.

घरं वाचली तरी बाजार वाचला नाही. १९६९ मध्ये शहराबाहेर ओगलथॉर्प मॉल उघडला आणि ब्रॉटन स्ट्रीटचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. रस्ता परत उठला त्यात स्कॅड या कलामहाविद्यालयाचा वाटा मोठा. १९७८ मध्ये ते स्थापन झालं, वेगळं आवार न बांधता गावातल्या पडीक इमारती घेत गेलं. ब्रॉटनवरच्या लेव्हीज या मोठ्या दुकानाच्या इमारतीत आज त्यांचं ग्रंथालय आहे, बंद पडलेलं सिनेमागृह १९९८ मध्ये त्यांनी नाट्यगृह म्हणून उघडलं. हजारो पोरं संध्याकाळी सातनंतरही रस्त्यावर असतात, दुकानांना तीच लागतात. १८५१ चं मार्शल हाउस हॉटेल १९९९ मध्ये पुन्हा सुरू झालं. वरचे रिकामे मजले राहण्यासाठी दुरुस्त झाले. बाबांना सांगा, रस्त्यावर चालताना दुकानांच्या पाट्यांऐवजी वरच्या खिडक्या बघा. तिथे पडदे आणि कुंड्या दिसल्या की खालचं दुकान टिकणार.

पेठकर
हे सगळं आपल्याकडे का होत नाही? पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, २०२१ पासून. एक दिवस गाड्या बंद, लोक केवढे खूश असतात. मग वर्षभर तेच हॉर्न. एक दिवसाचं कायमचं करायला काय हरकत आहे?

दख्खनी_वाटसरू
@पेठकर, लक्ष्मी रस्त्यावरचे व्यापारी तयार होतील का? माझे काका तिथलेच. गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येत नाही, असं ते ठामपणे सांगतात.

पेठकर
सव्हानाचे व्यापारीही १९५४ मध्ये तेच म्हणत होते, वर लिहिलंय बघा. सणाच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावर गाडी शिरत नाही, आणि धंदा तेव्हाच सगळ्यात जास्त होतो.

माधवी_शार्लट
मंडळी, लक्ष्मी रस्त्यासाठी वेगळा धागा काढाल का? @वास्तुवेडा, मनापासून धन्यवाद. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय की किंग स्ट्रीटवर कॉलेज नसताना तो कसा उठला?

वास्तुवेडा
कॉलेज तिथेही आहे. कॉलेज ऑफ चार्ल्स्टन १७७० चं, किंग स्ट्रीटला लागूनच. पण तिथे मुख्य जोर महापालिकेचा. जोसेफ रायली १९७५ मध्ये निवडून आले आणि २०१६ पर्यंत महापौर राहिले. पदावर आले तेव्हा किंग स्ट्रीटच्या मध्यभागी ओसाड भूखंड आणि बंद दुकानं होती. तिथे मोठं हॉटेल आणि दुकानांचा प्रकल्प आणायचा त्यांनी ठरवलं. त्याला सगळ्यात कडवा विरोध वारसाप्रेमींचाच होता, प्रकरण कोर्टात गेलं, वर्षं गेली. शेवटी उंच भाग रस्त्यापासून आत सरकवला, किंग स्ट्रीटच्या कडेला जुन्या दुकानांचे दर्शनी भाग आणि उंची सांभाळली, आणि १९८६ मध्ये ते उघडलं. दख्खनी_वाटसरूंनी सुचवलं तेच चार्ल्स्टन प्लेस. बाबांनी राहायची गरज नाही, आतून चालत जाऊन दोन रस्त्यांना ते कसं जोडलंय ते पाहिलं तरी पुरे. पार्किंगच्या इमारतींच्या तळमजल्यावर दुकानं हवीत, हा रायलींचा आग्रह. पार्किंगची कोरी भिंत लागली की चालणारा माणूस मागे फिरतो.

तरीही गुडघा आणि बजेट बघता मी सव्हानाच म्हणेन. तिथे सगळं एका नजरेत उलगडतं.

सुमतीकाकू
माधवी, बाळा, जेवणाचं कोणीच नीट सांगितलं नाही. दोन्हीकडे शाकाहाराचे हाल आहेत. पालेभाजी दिसली म्हणून कॉलर्ड ग्रीन्स मागवू नकोस, त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस शिजवलेलं असतं. लाल भातातही. घेवड्याच्या शेंगांतसुद्धा. प्रत्येक वेळी विचारायचं. ग्रिट्स मात्र मक्याच्या भरडीचे, लोणी घालून छान लागतात, आईला आपल्या कण्यांसारखे वाटतील. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घे, सकाळी पोहे-उपमा करून बाहेर पडा. थालीपिठाची भाजणी आईने आणलीच असेल. शहराबाहेर, महामार्गाजवळ तुझ्या बजेटमध्ये अशा खोल्या मिळतात, आणि तिथे गाडी लावायचे पैसे पडत नाहीत. गावातल्या हॉटेलात पार्किंगचे वेगळे घेतात, ते १५० मध्ये धरलेस का?

रानवेडा
दोन्ही सोडा, सेंट ऑगस्टीनला जा. १५६५ चं गाव. दोन्हीपेक्षा जुनं. किल्ला अप्रतिम.

माधवी_शार्लट
@सुमतीकाकू, पार्किंग धरलं नव्हतं. फार उपयोगी सांगितलंत. @रानवेडा, फ्लोरिडा फार लांब पडतं हो.

शांतारामसुत
बराच वेळ वाचतोय. एक गोष्ट राहते आहे. हे रस्ते "एकेकाळी गजबजलेले होते" असं आपण म्हणतो, तेव्हा कोणासाठी हे बाबांना सांगायला हवं. काळ्या माणसांनी लेव्हीजमध्ये कपडे घ्यायचे, पैसे द्यायचे, पण तिथल्या उपाहारगृहात बसायचं नाही. १६ मार्च १९६० रोजी काळे विद्यार्थी तिथल्या अझेलिया रूममध्ये जाऊन बसले आणि त्यांना अटक झाली. मग डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ यांच्या नेतृत्वाखाली काळ्या गिऱ्हाइकांनी वर्षभराहून जास्त काळ ब्रॉटन स्ट्रीटवर बहिष्कार टाकला. लॉ टपाल वाटायचे. दुकानदारांचा धंदा बसला, तेव्हा दारं उघडली. किंग स्ट्रीटवरही १ एप्रिल १९६० ला क्रेसच्या दुकानात बर्क हायस्कूलची २४ मुलं अशीच बसली होती. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला बहिष्काराचं वजन लगेच कळेल.

आणि रस्ता उठला त्याचा भुर्दंड कोणी भरला, तेही बघा. चार्ल्स्टनच्या द्वीपकल्पावर पूर्वी काळी वस्ती बहुसंख्य होती. घरभाडी आणि कर वाढत गेले तशी ती माणसं उत्तरेकडे, शहराबाहेर गेली. किंग स्ट्रीटवरची कित्येक स्थानिक दुकानंही भाडं न परवडून गेली, त्या जागी देशभर सगळीकडे दिसणाऱ्या साखळी दुकानांच्या पाट्या आल्या. ब्रॉटनवरही तेच चाललंय. मला हे यश अर्धंच वाटतं.

वास्तुवेडा
@शांतारामसुत, पूर्ण सहमत. मी हे लिहायलाच हवं होतं.

नीलपक्षी
+१. आणि तरीही सव्हाना. बाकं, सावली, फुकट बस. लिओपोल्ड्सचं आइस्क्रीम ब्रॉटन स्ट्रीटवरच आहे, १९१९ पासूनचं घराणं, २००४ मध्ये या रस्त्यावर पुन्हा उघडलं. रांग लांब असते, पण आईंना आवडेल.

दख्खनी_वाटसरू
फुकट बस चार्ल्स्टनलाही आहे. डॅश म्हणतात.

कोकणी_मासा
सव्हाना +१. टायबी विसरू नका.

आटपाट_नगर
सव्हाना. पाण्याचं मी सांगितलंच आहे.

माधवी_शार्लट
सर्वांचे आभार. काल रात्री बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ठरलं: चार्ल्स्टन.

तुम्ही जवळपास सगळ्यांनी सव्हाना सांगितलंत, मीही तेच बुक करायला बसले होते. बाबांनी आटपाट_नगर यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीची बाजारपेठ पाण्यात होती. दुकान तेव्हा भाड्याने दिलेलं होतं, पण भिजलेले तागे बाहेर काढायला बाबा स्वतः गेले होते. २०२१ मध्ये पुन्हा कृष्णा वर आली. पुरानंतर कित्येकांनी पेठ सोडली. बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक परत आणायच्या युक्त्या मला माहीत आहेत. पाणी येतं तिथे दुकानदार टिकतो कसा, ते मला बघायचंय." उंबरे किती उंच ठेवलेत, माल कुठल्या फळीपासून वर लावतात, विमा कोण देतं, हे त्यांना दुकानात जाऊन विचारायचंय. दुभाषी मी.

महिन्याचा दुसरा रविवार धरून जातोय, कारण दुपारी १ ते ५ किंग स्ट्रीट गाड्यांना बंद ठेवतात असं कळलं. शनिवारी मॅरियन स्क्वेअरचा शेतकरी बाजार. खोली नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये घेतली, चुलीसकट, १५० च्या आत. गुडघ्यासाठी घडीची खुर्ची नेतोय.

नीलपक्षी
कमाल आहे. दुसऱ्या रविवारी किंग स्ट्रीटवर किती गर्दी असते माहीत आहे का? खुर्ची मांडायला जागा मिळणार नाही. अजून विचार करा.

सुमतीकाकू
मांडतील की बाजूच्या गल्लीत. माधवी, बाबांचं पटलं मला.

आटपाट_नगर
जाताय तर नीट जा. चार्ल्स्टन बंदराचा भरतीचा अंदाज रोज मिळतो. ७ फुटांच्या वर दाखवत असेल तर सखल रस्त्यांवर पाणी येणार असं समजा, त्या दिवशी गाडी बहुमजली पार्किंगच्या वरच्या मजल्यावरच लावा. आणि मार्केट स्ट्रीटच्या बाजूच्या दुकानांत विचारा, पाण्याचा त्रास त्यांना जास्त. किंग स्ट्रीट त्या मानाने उंचावर आहे.