मदत हवी आहे : पहिली ते चौथीच्या मुलांना सूर कसे शिकवावेत? (नाशिक)

नमस्कार मंडळी. सातपूरकडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. संगीताला वेगळे शिक्षक नाहीत, म्हणून त्या तासिका माझ्याकडे आल्यात. ज्या नाशकात थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी आश्रम काढला, तिथे संगीताचा तास म्हणजे पाहुण्यांसाठी स्वागतगीताची तालीम, हे काही मनाला पटत नाही.

सध्या टाळ्या आणि पावलांवर ताल करून घेते. केहरव्याच्या ८ मात्रा, दादऱ्याच्या ६, मुलं पटकन धरतात. वाचनात मागे पडणारी पोरंही इथे पुढे असतात. कविता तालात म्हटली की उच्चार सुटे होतात, एकमेकांचं ऐकायची सवय लागते. (संगीताने गणित आपोआप सुधारतं म्हणतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही.)

अडतंय ते सुरांपाशी. पेटीवर काळी एक (पहिली काळी पट्टी) 'सा' म्हणून धरली तर खालचे स्वर लागत नाहीत, मुलं नुसती पुटपुटतात. काळी चार-पाचला गळे खुलतात, पण मग काही जण चक्क ओरडतात! सुरुवात भूप रागाने करावी का? मध्यम-निषाद नाहीत, पाचच स्वर. की आधी बिलावलाचे (सातही शुद्ध स्वरांचे) अलंकार, म्हणजे सरावाच्या स्वररचना? आणि बेसूर गाणाऱ्याला गप्प न बसवता सुरात कसं आणायचं?

भरलेल्या वर्गात हे प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा. पंचवटी, गंगापूर रोड भागातलं कुणी एखाद्या शनिवारी येऊन तास घेऊन दाखवेल का? मानधनाचं मुख्याध्यापकांशी बोलते.