शाळेआधीची वर्षं: घरी नेमकं काय केलंत?

तीन ते सहा वयाच्या मुलांचे पालक, आजी-आजोबा, ताई, सगळ्यांनी लिहा. ॲपची नावं आणि खेळण्यांच्या लिंका नकोत, त्या ढिगाने मिळतात. घरात, अंगणात, ओट्यापाशी काय चाललं आणि मूल त्यातून काय उचलत गेलं, तेवढं सांगा. फसलेलंही चालेल. आमच्या घरी साडेतीन वर्षांच्या एक बाई आहेत आणि 'रेघेवर अक्षर काढत नाही' असा शाळेतून निरोप आलाय. म्हणून हा खटाटोप.

पुण्याची आई

हा निरोप आम्हालाही आला होता. ओळखीतल्या बालवाडीच्या बाईंनी उलट मलाच विचारलं, "शर्टाची बटणं लावते का? ओलं फडकं पिळता येतं का?" येत नव्हतं. मग पेन्सिल कशी पेलणार? मनगटातली सगळी हाडं तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मटार, शेंगा आणि लसूण हे खातं तिच्याकडे. लसूण थोडा वेळ पाण्यात टाकून ठेवायचा, म्हणजे साल सुटतं. सुरुवातीला नख रुतायचं नाही, चिडून पाकळी फेकायची. आता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पाकळी धरते, टोकाकडून साल ओढते आणि वर मला ऐकवते, "तू कुस्करतेस." वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, कणकेचे साप करणं, इडलीपात्राला तेलाचं बोट फिरवणं हे ओघाने आलं. स्वयंपाकाला दुप्पट वेळ लागतो, आधीच सांगून ठेवते. पेन्सिल तिने पाचव्या वर्षी आपणहून हातात घेतली.

सांगलीचे आजोबा

एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे आकड्यांशी जुनी दोस्ती. नात शंभरपर्यंत घडाघडा म्हणायची, आल्यागेल्यासमोर कार्यक्रम व्हायचा. एकदा म्हटलं, "पाच चमचे आण गं." मूठभर घेऊन आली. मग पानं घ्यायचं काम तिला दिलं. माणशी एक ताट, एक वाटी, एक भांडं. पाहुणे आले की हिशेब बदलतो. "आबा, एक वाटी उरली. कोण यायचं राहिलंय?" असं विचारलंन्, तेव्हा वजाबाकीला सुरुवात झाली म्हणा. शंभरपर्यंतचं पाठांतर आता मागे पडलंय आणि सूनबाई माझ्यावर नाराज आहेत. 2019 साली दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तर केवढं रान पेटलं होतं! या वयाला आधी पाच म्हणजे किती, ते हाताला कळू द्या.

अंगणवाडी ताई, डहाणू तालुका

आमच्याच भागात 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, अशी ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. मी आजही तेच वापरते. पेटीतले ठोकळे हरवले की पुन्हा येत नाहीत, चिंचोके झाडाखाली पडलेलेच असतात.

पालक म्हणतात, "ताई, आम्ही शिकलो नाही, पोराला काय शिकवणार?" मी म्हणते, भात लावताना, मासे साफ करताना पोराशी बोला. वारलीतच बोला. एक मुलगा माझ्याकडे तोंडच उघडत नव्हता. बापाबरोबर खेकडे धरायला जातो, एवढं आईकडून कळलं. मी त्याला वारलीत विचारलं, खेकडा कसा धरतोस? उठला, दोन्ही हातांच्या नांग्या केल्या, मागून पाठीवर कसं दाबायचं आणि बोटं कुठे ठेवायची नाहीत ते सगळ्यांना दाखवलं. त्या दिवसापासून गप्प बसवावं लागतं. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्टीवर जातात. पुस्तक बरोबर जात नाही, बोलणं जातं.

ठाण्याची आई

बोलण्यावरूनच लिहिते. मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी मोजकेच शब्द. घरात एकच पालुपद, "याचा बाबाही उशिराच बोलला." गप्पा, गोष्टी, चित्रांची पुस्तकं, सगळं चालू होतं. पाठमोरा असताना हाक मारली की तो वळत नाही, हे माझ्या बहिणीने हेरलं. कान तपासले तर सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून राहिलेलं. लहान मुलांत हे बऱ्याचदा होतं आणि पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे कळत नाही. उपचार झाले. अजून 'र'ला 'ल' म्हणतो, पण वाद घालतो! बोलणं मागे वाटलं तर आधी कान दाखवा, बाकीचे उपाय नंतर.

अंगणवाडी ताई

अगदी बरोबर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. शंका असेल तर त्या दिवशी कामाला खाडा करून आईबापाने स्वतः यावं. मूल काय करतं आणि काय नाही, ते डॉक्टरांना घरचंच माणूस सांगू शकतं.

म्युनिकचा बाबा

इथे किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, अक्षरं गिरवून घेत नाहीत. पाऊस असला तरी रबरी पँट चढवून मुलं बाहेर. माझे बाबा भारतातून आले होते, नातीला आणायला गेले. "आज काय शिकलीस?" "चिखलात नदी केली, मग अडवली." बाबांना काही ते पटलं नाही. मराठी मात्र इथे आपसूक येत नाही. ती जर्मनमध्ये उत्तर देते. मी टोकत नाही, तिचंच म्हणणं मराठीत म्हणून पुढचा प्रश्न विचारतो. रविवारी आजी फोनसमोर फोडणी करते आणि ही सूचना सोडते, "आता मोहरी. आता हळद. आजी, हिंग विसरला!" लिंग चुकतं, क्रम चुकत नाही.

नाशिकचा बाबा

सगळं पटतं, पण आम्ही दोघं सातला घर सोडतो, परतायला रात्र होते. लसूण सोललेलाच येतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणात पहिली सहाव्या वर्षी आणि तोवर खेळातून शिकणं आहे, पण कोपऱ्यावरची शाळा प्रवेशाला ए-बी-सी-डी विचारते. मी दुकानांच्या पाट्यांवरून थोडी अक्षरं शिकवली आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

धागाकर्ती

वावगं कशाला? आंघोळ कोण घालतं?

नाशिकचा बाबा

मीच. साबण बुडतो, साबणाची डबी तरंगते, पाणी भरलं की तीही बुडते. आता रोज स्वयंपाकघरातलं काहीतरी बादलीत जातं. काल बटाटा होता. कांद्याला बायकोने मनाई केलीय.